वाचकांचे प्रश्न : सरकारं बदलली, मग टॉवर का थांबले नाहीत?

मागच्या अंकात आपण घर, जमीन आणि राजकारण यावर प्रश्न मागवले होते. पत्रं आणि मेल इतके आले की सगळे घेणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडलेत, नावं न देता फक्त गावं दिलीत.

घाटकोपर : ताई, आमच्या भागात आधी काँग्रेसचा आमदार होता, मग शिवसेनेचा, आता भाजपचा. प्रत्येकजण म्हणतो आधीच्याने मुंबई बिल्डरला विकली. पण कुणीही आला तरी टॉवर उभे राहतातच. मग या पक्षांमध्ये फरक तरी काय?

फरक आहे, पण आधी एकमत कुठे आहे ते बघू, कारण त्याबद्दल प्रचारात कुणी बोलत नाही. १९९१ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या मोठ्या पक्षांनी एक गोष्ट धरून ठेवलीय, ती म्हणजे गरिबाला घर द्यायचं तर सरकारच्या बजेटमधून पैसा काढायचा नाही, त्या जागेवर जादा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) द्यायचा आणि बिल्डरने वरची घरं बाजारभावाने विकून खालच्या फुकट घरांचा खर्च वसूल करायचा. एफएसआय म्हणजे सरकारने छापलेली नोटच झाली, छापायला खर्च काही नाही आणि बजेटमध्ये ती दिसतही नाही.

क्रम बघा म्हणजे लक्षात येईल. १९९१ ला शरद पवार मुख्यमंत्री असताना झोपडपट्टी पुनर्विकासाची पहिली योजना आली, एफएसआय अडीच, घर १८० चौरस फुटांचं, बिल्डरच्या नफ्याला २५ टक्क्यांची मर्यादा आणि झोपडीवाल्यानेही थोडे पैसे भरायचे. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेने ४० लाख लोकांना फुकट घर देऊ असं सांगितलं, युतीचं सरकार आलं, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं, घर २२५ फुटांचं आणि पूर्ण फुकट झालं आणि नफ्यावरची मर्यादा गेली. मग १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी सत्तेत आले. त्यांनी ही योजना रद्द केली का? नाही. त्यांनी कट-ऑफ तारखेचं, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतची झोपडी पात्र धरायची याचं, राजकारण सुरू केलं. २००४ च्या निवडणुकीत १९९५ ची तारीख २००० वर नेऊ असं वचन दिलं, निवडून आले, आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्याच सरकारने हजारो झोपड्यांवर बुलडोझर चालवले, शेवटी दिल्लीच्या पक्षश्रेष्ठींना मध्ये पडावं लागलं. पुढे घर २६९ फुटांचं झालं, मग ३०० चं, आणि २०११ पर्यंतच्या लोकांना पैसे भरून घर मिळेल असाही कायदा झाला. प्रत्येक सरकारने तारीख पुढे सरकवली आणि चौरस फूट वाढवले, मूळ गणिताला हात कुणी लावला नाही. ४० लाख माणसं म्हणजे ८ लाख घरं, आणि ३० वर्षांत बांधून झालेली घरं त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा. मुंबईत दुसरा रस्ताही चालून बघितलेला होता. १९८५ ते १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप, गोराई, मालवणी इथे सरकारने छोटे प्लॉट पाडून दिले, पाणी, गटार, रस्ता दिला, आणि घर लोकांनी आपापलं बांधलं, जमेल तसं वाढवलं. आज चारकोपला जाऊन बघा, ती वस्ती उभी आहे, जिवंत आहे. जिथे जमीन सरकारची आहे तिथे हे परत का करत नाही, हा प्रश्न एकाही जाहीरनाम्यात नसतो, कारण त्यात विकायला एफएसआय उरत नाही.

गिरणगावातही हेच झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने दुरुस्ती केली की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीचीच करायची, म्हणजे जिथे शेड उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. गिरण्यांच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी शेडच उभ्या होत्या! हायकोर्टाने २००५ ला लोकांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ ला तो फिरवला. परळ-लोअर परळला मैदान का मिळालं नाही याचं उत्तर त्या एका दुरुस्तीत आहे, आणि तेव्हा विरोधात बसलेल्यांनीही नंतर सत्तेत आल्यावर ती दुरुस्ती मागे घेतली नाही.

आता फरक. भांडण असतं ते सही कुणाची चालणार यावर. मुंबई पालिका १९९७ पासून २०२२ पर्यंत शिवसेनेकडे, नगरविकास खातं मात्र राज्य सरकारकडे, म्हणून ज्या पक्षाकडे पालिका नाही त्याला परवानग्या पालिकेच्या बाहेर न्यायच्या असतात. एसआरएच्या परवानग्या वेगळ्या, एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) वेगळ्या, २०१८ ला म्हाडालाही आपल्या वसाहतींसाठी नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. आणि पैसा कुठे जाणार यावरही भांडण असतं. जानेवारी २०२१ ला महाविकास आघाडीने बांधकामाचे प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामासारख्या सवलतींसाठी बिल्डरने भरायचं शुल्क, वर्षभरासाठी निम्मे केले, बदल्यात बिल्डरने ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी भरायची, तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी विरोधी पक्षनेते म्हणून कडाडून विरोध केला की हा ठराविक बिल्डरांचा फायदा आहे. मुद्दा विचार करण्यासारखा होता. पण प्रीमियमवर पालिका आणि राज्य किती अवलंबून राहावं यावर ना आघाडीने नंतर काही धोरण मांडलं ना भाजपने.

तुमच्या इमारतीचा किंवा वस्तीचा पुनर्विकास होणार असेल तर आमदार कुठल्या पक्षाचा यापेक्षा तुमचा प्रस्ताव कुठल्या नियमाखाली जातोय ते आधी विचारा. ३३(७) म्हणजे सेस (दुरुस्ती कर) भरणाऱ्या जुन्या इमारतींचा, ३३(१०) म्हणजे एसआरए, ३३(९) म्हणजे क्लस्टर. कार्पेट एरिया, संमतीची टक्केवारी, ट्रान्झिटचं भाडं सगळं त्यावर ठरतं.

मुलुंड : धारावीतल्या लोकांना मुलुंडच्या मिठागरांच्या जमिनीवर आणणार म्हणतात. इथले सगळे पक्ष विरोध करतात, पण सरकार त्यांच्यातल्याच काहींचं आहे. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०२४ च्या लोकसभेला ईशान्य मुंबईत भाजपचे उमेदवार मिहिर कोटेचा आणि ठाकरे सेनेचे संजय दिना पाटील, दोघांनीही धारावीकरांना मुलुंडमध्ये आणायला विरोध केला. आणि त्याच वर्षी राज्यातल्या महायुती सरकारने कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन याच कामासाठी मागितली आणि केंद्राने ती दिली. म्हणजे एकाच पक्षाची मुलुंडमध्ये एक भूमिका आणि मंत्रालयात दुसरी.

धारावीचा इतिहास थोडक्यात असा. २००४ पासून पुनर्विकासाचे आराखडे झाले आणि बारगळले. २०१८ च्या टेंडरमध्ये दुबईच्या सेकलिंकची बोली सगळ्यात मोठी होती, ७,२०० कोटींची. २०२० मध्ये आघाडी सरकारने ते टेंडर रद्द केलं, कारण दिलं की नंतर रेल्वेची ४५ एकर जमीन प्रकल्पात आली. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारच्या काळात नव्या टेंडरला ५,०६९ कोटींची बोली लावून अदानी समूहाने प्रकल्प मिळवला. कंपनीत ८० टक्के वाटा अदानींचा, २० टक्के सरकारचा. उद्धव ठाकरेंनी डिसेंबर २०२३ ला मोर्चा काढला, ५०० चौरस फुटांची घरं धारावीतच द्या म्हणाले आणि सत्तेत आलो तर टेंडर रद्द करू असंही सांगितलं. सरकार म्हणतं पात्र लोकांना धारावीतच ३५० फुटांचं घर, वरच्या मजल्यावर राहणारे आणि २००० नंतर आलेले यांना धारावीबाहेर, कुणाला अडीच लाखांत, कुणाला भाड्याने.

दोन्ही बाजू नीट वाचा. ५०० की ३५०, धारावीत की बाहेर, हे वाद खरेच आहेत आणि ज्याचं घर जाणार त्याच्यासाठी तर तेच आयुष्य आहे. पण ५०० फुटांचे पैसे कुठून येणार याचं उत्तर विरोधकांकडे परत तेच, एफएसआय आणि टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरायला विकणं). आणि सरकारने नोव्हेंबर २०२३ ला जी अधिसूचना काढली तिच्यात मुंबईतल्या बाकी बिल्डरांनी टीडीआर घेताना ठराविक हिस्सा आधी धारावीचा घ्यावा अशी अट होती, म्हणजे धारावीचा खर्च अंधेरीत, बोरिवलीत फ्लॅट घेणाऱ्याच्या किमतीत येणार. हे कुठल्याच सभेत कुणी समजावून सांगितलेलं मी ऐकलं नाही.

विश्वास कुणावर ठेवायचा ते मी सांगणार नाही. पण तुमच्या आमदाराला लेखी विचारा की जमीन हस्तांतराला तुम्ही सरकारकडे लेखी हरकत नोंदवलीत का, नोंदवली असेल तर प्रत द्या. आणि एक विनंती, मनापासून करते. मिठागरं वाचवायला हवीत, पावसाचं पाणी मुरायला तीच जागा आहे, हा मुद्दा पक्का आहे. पण "धारावीवाले नकोत" हा मुद्दा होऊ देऊ नका. ती माणसं स्वतःहून मुलुंडला यायला निघालेली नाहीत, त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

पिंपरी-चिंचवड : आमच्या घराचा शास्तीकर माफ झाला, नेत्यांनी पेढे वाटले, फ्लेक्स लागले. म्हणजे आता घर अधिकृत झालं ना?

नाही. हे कृपया घरात सगळ्यांना सांगा. शास्तीकर म्हणजे विनापरवाना बांधकामावर मिळकतकराच्या वर लावलेला दंड. मार्च २०२३ ला शिंदे सरकारने तो माफ केला, पण दंड माफ होणं आणि बांधकाम नियमित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित करायला गुंठेवारीचा (जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले तुकडे आणि त्यावरची बांधकामं यांचा) २००१ चा कायदा आहे, २०२१ ला त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, त्यात अर्ज, नकाशा, शुल्क सगळं करावं लागतं आणि आरक्षणाच्या किंवा पूररेषेतल्या जागेवर ते होत नाही.

तुमच्या शहरात तर या एका प्रश्नावर सत्ता फिरलीय. श्रीकर परदेशी आयुक्त असताना २०१२ नंतर अनधिकृत बांधकामं पाडायला घेतली, २०१४ ला मुदतीआधी त्यांची बदली झाली, तेव्हा पालिकेत राष्ट्रवादी आणि राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी होती. २०१७ ला भाजपने पालिका घेतली त्यात घरं नियमित करण्याचं आश्वासन मोठं होतं. अर्धा-एक गुंठ्याचे तुकडे लोकांनी हौसेने घेतले नव्हते. कारखान्यात काम होतं, अधिकृत घर परवडत नव्हतं, शेतकऱ्याने तुकडा विकला, स्थानिक पुढाऱ्याने नळ आणून दिला. परवडणाऱ्या छोट्या प्लॉटची ले-आउट वेळेत पाडून दिली असती तर यातली अर्धी घरं आज कायदेशीर असती. माफी द्यायला सगळे पुढे येतात कारण माफीला मतं आहेत, ले-आउट पाडायला वेळ लागतो आणि त्याचा फ्लेक्स लागत नाही.

पेडणे, गोवा : आमच्या गावची ऑर्चर्डची (बागायतीची) जमीन बघता बघता सेटलमेंट झोन (बांधकामाची जमीन) होते. काँग्रेस असो की भाजप, टीसीपी (नगर नियोजन) खातं थांबत नाही. गोव्यात पक्ष आहेत तरी कशाला?

तुमचा वैताग मी समजू शकते, कारण गोव्यात तर माणसंही तीच राहिलीत, पक्ष फक्त बदललेत. ऑगस्ट २००६ ला रिजनल प्लॅन २०११, म्हणजे राज्यभराच्या जमीनवापराचा आराखडा, आला तेव्हा सरकार काँग्रेसचं, मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे, टीसीपी मंत्री बाबूश मोन्सेरात. डोंगर, शेतं, किनारे रंग बदलून बांधकामाला मोकळे केले होते. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या, आणि जानेवारी २००७ ला राणेंना तो प्लॅन मागे घ्यावा लागला. मग चार्ल्स कोरियांच्या टास्क फोर्सने रिजनल प्लॅन २०२१ केला, त्यात ग्रामसभांना विचारायचं असं ठरलं होतं, दिगंबर कामतांच्या काळात तो अधिसूचित झाला, लोक म्हणाले यातही घुसवाघुसव आहे, आणि २०१२ ला मनोहर पर्रीकर आल्यावर तो स्थगित ठेवला.

इथून पुढचं जास्त काळजीचं आहे. प्लॅन म्हणून एकत्र काही आलं की लोक विरोध करतात हे सगळ्यांना कळलं, म्हणून मग टीसीपी कायद्यात एकेक सर्व्हे नंबरने झोन बदलायची कलमं आली. २०१८ ला भाजपच्या आघाडी सरकारमध्ये गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई मंत्री असताना १६ ब, २०२३ ला विश्वजित राणे मंत्री असताना १७(२), नाव "चुकांची दुरुस्ती", आणि २०२४ ला ३९ अ. मोन्सेरात, कामत, विश्वजित राणे हे तिघंही काँग्रेसमधून आता भाजपमध्ये आहेत, आणि विश्वजित हे त्याच प्रतापसिंहांचे चिरंजीव, ज्यांनी २००७ ला लोकांचं ऐकून प्लॅन मागे घेतला होता.

पण थांबत नाही असं मात्र म्हणू नका. मार्च २०२५ ला गोव्यातल्या हायकोर्टाने १७(२) खालचे नियम रद्द केले, ते याचिका करणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. ३९ अ खाली प्रत्येक बदलाची नोटीस काढून ३० दिवस हरकती घ्याव्या लागतात. गावातल्या कुणातरी एकाने दर आठवड्याला राजपत्र बघायचं काम घ्या, आपल्या गावाचा सर्व्हे नंबर दिसला की ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रत खात्याला पाठवा. उमेदवार दारात आला की त्याला ३९ अ रद्द करायला मत देणार का एवढंच विचारा, आणि तो निवडून आल्यावर कुठल्या पक्षात जाईल ते माहीत नाही म्हणून उत्तर लेखी घ्या.

लंडन : इथेही घरं परवडत नाहीत आणि पक्ष भांडतात. आपल्याकडच्या आणि इथल्या राजकारणात साम्य आहे का?

साम्य कमी, उलटेपणा जास्त. तिकडे ज्याच्याकडे आधीच घर आहे त्याचं मत जड पडतं. जून २०२१ ला चेशम आणि अ‍ॅमरशॅमच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने हक्काची जागा घालवली, त्याचं एक मोठं कारण प्लॅनिंगमधले प्रस्तावित बदल होते, आणि पुढे डिसेंबर २०२२ ला त्यांच्याच खासदारांच्या दबावाखाली घरांची सक्तीची टार्गेट सरकारने सोडून दिली. मजूर पक्षाने २०२४ ला पाच वर्षांत १५ लाख घरं असं सांगून निवडणूक जिंकली, टार्गेट परत सक्तीची केली आणि ग्रीन बेल्टमधल्या कमी उपयोगाच्या जमिनीला "ग्रे बेल्ट" म्हणून मोकळं करायला घेतलं.

तिकडे प्रत्येक मोठ्या बांधकामाला कौन्सिलची वेगळी परवानगी लागते म्हणून शेजारी विरोध करू शकतात आणि घरं कमी होतात. आपल्याकडे नियमात बसलं की परवानगी मिळते म्हणून सगळी ओढाताण नियम लिहितानाच होते, मंत्रालयात, आणि शेजाऱ्याला पत्रे ठोकल्यावर कळतं. मला विचाराल तर दोन्हीकडे जे लोक अजून त्या गावात राहायला आलेलेच नाहीत, भाड्याने राहणारे, नोकरीसाठी येणारे, त्यांच्या वतीने बोलणारा पक्ष नाही.

नाशिक : मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. हरकती-सूचना पाठवून खरंच काही होतं का? आणि पाठवायच्या कशा?

होतं. मुंबईचा २०३४ चा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ ला आला तेव्हा स्टेशनच्या आसपास ८ पर्यंत एफएसआय, आरे कॉलनी बांधकामाला मोकळी, आणि नकाशात इतक्या चुका की उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले. लोकांनी हजारोंनी हरकती दिल्या, वॉर्डावॉर्डात सभा झाल्या, मग सगळे पक्ष विरोधात उभे राहिले, ज्यांचं राज्य होतं तेसुद्धा, आणि एप्रिलमध्ये फडणवीसांनी आराखडा नव्याने करायला सांगितला. २०१८ ला मंजूर झालेल्या आराखड्यातही मला न पटणारं खूप आहे, परवडणाऱ्या घरांच्या नावाने ना-विकास क्षेत्र उघडलंच, पण २०१५ चा मसुदा तसाच पुढे गेला नाही. लोक आधी उठले आणि पक्ष नंतर आले, हा क्रम लक्षात ठेव.

आता कसं ते. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ चा. आराखड्यात बदल करायचा तर कलम ३७ खाली नोटीस निघते आणि एक महिना मिळतो. राज्य सरकार स्वतः बदल करतं तेव्हा ३७(१ कक). नोटिशीत कलम १५४ चा उल्लेख आहे का ते आधी बघ, कारण त्याखाली सरकार बदल लगेच लागू करू शकतं आणि हरकती नंतर ऐकत बसतं, म्हणजे तुझी सुनावणी होईपर्यंत परवानग्या निघालेल्या असू शकतात. तसं असेल तर हरकतीत पहिलाच मुद्दा तो घ्यायचा, की एवढी घाई कशाची ते सांगा.

नोटीस राजपत्रात, वर्तमानपत्रात आणि नगरविकास विभागाच्या साइटवर येते. नाशिकला तुम्हाला २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेली यूडीसीपीआर (बांधकामाची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) लागू आहे, मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला तोच नियम, त्यामुळे त्यातला एक शब्द बदलला तरी शेकडो गावांवर परिणाम होतो. नियम क्रमांक लिहायचा, आधीचं वाक्य आणि प्रस्तावित वाक्य समोरासमोर लिहायचं, आणि मग आपल्या गल्लीचं उदाहरण द्यायचं, सहा मीटरच्या रस्त्यावर उंची वाढली तर अग्निशमनची गाडी कशी वळणार, पाणी किती, शाळा कुठे. एकच छापील पत्र दोनशे जणांनी सही करून दिलं तर ते बहुतेकदा एकच मुद्दा म्हणून धरलं जातं, म्हणून जमेल त्याने आपल्या शब्दांत, आपल्या सर्व्हे नंबरसकट लिहावं. शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" हे वाक्य लिहायला विसरायचं नाही आणि आवक शिक्क्याची पोच घ्यायची.

नगरसेवकालाही सोडायचं नाही. पालिकेने स्वतः आणलेला कलम ३७ चा प्रस्ताव सभागृहात येतो, तिथे कोण बोललं, कोण गप्प बसलं ते इतिवृत्तात लिहिलं जातं आणि ते इतिवृत्त मागता येतं. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं मुंबई-पुणे-नाशिकला प्रशासकच होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी, त्या काळात कुठले झोन बदल मंजूर झाले ते तुम्ही कॉलेजच्या मुलामुलींनी माहिती अधिकारात मागून नकाशावर मांडलंत तर फार मोलाचं काम होईल, मी त्यात लागेल ती मदत करीन. आणि सुनावणी बहुतेकदा कामाच्या दिवशी भर दुपारी असते, तेव्हा जाऊ शकतील अशा दोन-तीन जणांची नावं आधीच ठरवा आणि आमच्या वतीने हे बोलतील असं हरकतीतच लिहून द्या.